सैल आरसा : एक वस्तुपाठ



उन्हांत उभें राहून हातांतल्या आरशानें समोरच्या भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ खेळला नाहीं, असा तुमच्यांत क्वचितच कोणी असेल. त्या खेळांत एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आली असेल. हात अगदीं किंचित् हलला तरी कवडसा हातभर धांवतो; आणि भिंत जितकी दूर, तितकी त्याची धांव मोठी. खेळांत ह्याची मौज वाटते. परंतु तोच आरसा जेव्हां धांवत्या मोटारीच्या दारावर बसविलेला असतो आणि मागून काय येत आहे हें चालकास त्याच्यावरूनच समजावयाचें असतें, तेव्हां ह्या धांवेंत मौज राहत नाहीं. एका स्पोर्ट्‌स मोटारीच्या दारावरील सैल झालेल्या आरशाची हकीकत आज मी तुम्हांस सांगणार आहें. तो सैल कां झाला, दोष कोठें होता हें कसें शोधलें आणि दुरुस्ती कशी केली, हें सर्व यथाक्रम सांगेन. मी शाळेंत हस्तव्यवसाय शिकवितों. तेव्हां लेख थोडा हत्यारांच्या भाषेंत झाला तर वाचकांनीं सांभाळून घ्यावें.

शर्यतींतील आरसा

मोटारीवर मागचें पाहण्याचा आरसा लावण्याची कल्पना गाजली, ती शर्यतीच्या मैदानावर. ३० मे १९११ रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळीं शर्यतीच्या मोटारींत चालकाच्या शेजारीं एक यांत्रिक बसत असे. यंत्रावर नजर ठेवणें आणि मागून कोण येतो तें चालकास सांगणें, हीं त्याचीं कामें. रे हॅरून नांवाच्या चालकाची ‘मार्मन वास्प’ ही मोटार मात्र एकाच आसनाची होती. मागें पाहणारा माणूस बरोबर नाहीं, तेव्हां ही मोटार इतरांस धोक्याची आहे, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनीं घेतला. हॅरूननें आपल्यासमोर एक लांबट आरसा बसवून त्या आक्षेपाचें निरसन केलें आणि ताशीं सरासरी ७४.६ मैलांच्या वेगानें शर्यत जिंकली.

मोटारींच्या इतिहासांत ह्या आरशाचा उल्लेख गौरवानें होतो. परंतु पुढें स्वतः हॅरूननेंच मोकळ्या मनानें सांगितलें कीं, विटांनीं बांधलेल्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता कीं, त्यांत आपणांस कांहींच दिसलें नाहीं! आक्षेप मिटविण्यास आरसा पुरेसा झाला. मागचें दिसण्यास तो पुरला नाहीं. आरसा असणें आणि आरशांत दिसणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ह्या कथेवरून तुम्हीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढील प्रसंगांत हाच भेद एका माणसाच्या जिवावर येणार होता.

दादाची मोटार

कांहीं वर्षांपूर्वीं मी इंग्लंडांत माझ्या आतेभावाकडे महिनाभर राहिलों होतों. आम्ही सर्व भावंडें त्याला दादा म्हणतों. त्यानें हौसेनें एक जुनी स्पोर्ट्‌स मोटार बाळगली होती : दोन आसनांची, बुटकी आणि उघड्या टपाची. अशा मोटारी त्या देशांत एके काळीं फार लोकप्रिय होत्या. ऑक्सफर्डजवळील अॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असलेली ‘एम्. जी. बी.’ ही त्यांतली एक नांवाजलेली मोटार. दादाची मोटार दुसऱ्या एका कारखान्याची होती, परंतु घडण साधारण त्याच धर्तीची.

ह्या मोटारीच्या उजव्या दारावरचा आरसा सैल होता. इंग्लंडांतहि आपल्याप्रमाणेंच वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणून पुढच्या वाहनास ओलांडून जातांना उजवा आरसाच मुख्य कामाचा. दार जोरानें लावलें कीं दादाचा आरसा मान टाकी. मग दादा हात बाहेर काढून तो वर करी आणि म्हणे, “करायचा आहे दुरुस्त एकदां.” हें ‘एकदां’ अकरा महिने चाललें होतें. मधल्या काळांत त्यानें आरशाखालीं जाड कागदाची घडी खोंचली होती आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

एका रविवारीं सकाळीं आम्ही दोघे एका खेड्याच्या रस्त्यानें चाललों होतों. दोन्हीं बाजूंस उंच कुंपणें आणि पुढें एक संथ ट्रॅक्टर. पुढचा रस्ता सरळ व मोकळा दिसतांच दादानें आरशांत पाहिलें. आरशांत कुंपणाची हिरवी पानें थरथरत होतीं. दुसरें कांहीं नव्हतें. मागें कोणी नाहीं असें समजून त्यानें मोटार उजवीकडे काढली. त्याच क्षणीं अगदीं कानाशीं कर्णा वाजला. एक मोटारसायकल आमच्या दारापासून वीतभर अंतरावरून पुढें गेली, कडेच्या गवतांत घसरली, दोनदां डगमगली आणि कशीबशी सावरून पुढें थांबली.

दादानें मोटार बाजूला घेतली. त्याचे हात कांपत होते. मोटारसायकलवर एक तरुण मुलगी होती. ती उतरून आमच्याकडे चालत आली. आतां ही रागावून बोलेल असें आम्हांस वाटलें. परंतु ती कांहीं बोलली नाहीं. तिनें एका बोटानें आमचा आरसा हळूच ढकलला. आरसा खालीं लोंबला. तिनें दादाकडे एकवार पाहिलें आणि ती परत गेली.

घरीं येईपर्यंत आम्ही कोणीच बोललों नाहीं. दादानें मोटार छपरांत उभी केली व स्क्रू पिळण्याचें हत्यार उचललें. मी त्याचा हात धरला व म्हटलें, “दादा, अजून स्क्रूला हात लावूं नकोस. आधीं सैल काय आहे तें पाहूं.”

एका मिलिमीटरचें दीड मीटर

आरसा जरासा हलला तर इतका अनर्थ कां व्हावा? ह्याचें उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. किरण आरशावर ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें परावर्तन पावतो, हा नियम तुम्हांस ठाऊक आहे. त्यावरून असें निघतें कीं, आरसा एक अंश फिरला तर त्यांत दिसणारी दिशा दोन अंश फिरते. आरशाची प्रत्येक चूक दृष्टीस दुप्पट होऊन पोंचते. कवड्शाच्या धांवेचें मर्म हेंच.

आतां दादाच्या आरशाचा हिशेब करूं. दारावर बसणारी आरशाची बैठक सुमारें ४ सेंटिमीटर, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद होती. तिची एक कड दारापासून फक्त १ मिलिमीटर उचलली गेली, तर आरसा चाळीसांत एक, म्हणजे सुमारें दीड अंश फिरतो. दृष्टीची दिशा त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ तीन अंश फिरते. तीस मीटर मागें असलेल्या वाहनाच्या ठिकाणीं हें अंतर दीड मीटर भरतें. मोटारसायकलची रुंदी त्याहून कमी असते. तेव्हां दाराशीं नखाएवढी फट पडली कीं, मागची मोटारसायकल सबंधच्या सबंध आरशाबाहेर जाऊं शकते आणि तिच्या जागीं कुंपणाचीं पानें दिसतात. त्या सकाळीं नेमकें असेंच झालें होतें.

स्पोर्ट्‌स मोटारींत हा दोष अधिक कां आढळतो, त्याचींहि कारणें आहेत. उघड्या मोटारीस वरचें छप्पर नसल्यानें तिचा सांगाडा बंद मोटारीइतका ताठ नसतो. खडबडीत रस्त्यावर तो किंचित् पिळवटतो आणि दारें थरथरतात. अशा मोटारींच्या चाकांवरील स्प्रिंगा बहुधा कडक असतात, त्यामुळें रस्त्याचा प्रत्येक धक्का वर पोंचतो. आणि आरसा दारापासून बाहेर निघालेल्या दांडीच्या टोंकास असल्यानें तरफेच्या न्यायानें मुळावर ताण येतो. शिवाय वारा आहेच. बारा सेंटिमीटर व्यासाच्या गोल आरशावर ताशीं १०० किलोमीटर वेगास वाऱ्याचा दाब अर्ध्या किलोच्या वजनाहून थोडा अधिकच भरतो. वेग निम्मा केला तर हा दाब निम्मा नव्हे, एकचतुर्थांश होतो. कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून गांवांत ठीक वाटणारा आरसा मोठ्या रस्त्यावर मान टाकतो.

आरशाची शरीररचना

दुरुस्ती करण्यापूर्वीं वस्तूची रचना समजून घ्यावी. दादाच्या आरशाचे चार भाग होते : दारावर बसणारी बैठक, तिच्यांतून निघालेली दांडी, दांडीच्या टोंकाची धातूची वाटी आणि वाटींत बसविलेली कांच. भाग चार, म्हणून सांधेहि चार.

पहिला सांधा दाराचा व बैठकीचा. बैठक दोन स्क्रूंनीं दाराच्या पत्र्यावर आवळलेली असते व मध्यें रबराची पातळ गादी असते. दुसरा सांधा बैठक आणि दांडी ह्यांचा. दांडी बैठकीवर सरकवून खालून एका बिनडोक्याच्या लहान स्क्रूनें पक्की केलेली असते. तिसरा सांधा दांडी आणि वाटी ह्यांचा. शरीरविज्ञानांत खांद्याच्या सांध्यास आपण उखळीचा सांधा म्हणतों, तसाच हा आहे : दांडीच्या टोंकास गोळा, वाटीस उखळी आणि तीं एकमेकांवर दाबून धरणारी स्प्रिंग. ह्यामुळें आरसा हवा तसा वळवितां येतो, आणि वळविला तेथें राहतो. चौथा सांधा वाटी आणि कांच ह्यांचा. येथें रबराची कड कांचेस धरून ठेवते. सर्वच मोटारींची रचना अशी नसते. अलीकडच्या मोटारींत कांच फिरविण्यास विजेचें लहान यंत्र असतें व आरसा मिटण्यासाठीं बिजागरीसारखा निराळा सांधा असतो. तथापि सांधे मोजण्याची रीत सर्वत्र सारखीच.

दोष शोधण्याची रीत

मी दादास आरसा हळूहळू हलविण्यास सांगितलें आणि स्वतः एकेका सांध्यावर बोट असें ठेवलें कीं, त्याचा अर्धा भाग एका बाजूवर व अर्धा दुसऱ्या बाजूवर टेकावा. दोन्हीं भाग मिळून हलले तर तो सांधा निर्दोष. एक हलतो आणि दुसरा स्थिर राहतो, असें बोटास जाणवलें तर दोष तेथें. डोळ्यांस न दिसणारी फट बोटाच्या टोंकास कळते. त्याआधीं दार उघडून तें कडेस धरून वर उचलून पाहिलें. बिजागऱ्याच झिजल्या असतील तर आरशाचा कांहीं अपराध नसतो. बिजागऱ्या चांगल्या होत्या.

तपासणींत असें दिसून आलें कीं, पहिला सांधा पूर्ण सैल होता. तिसरा सांधा सुटलेला नव्हता, पण निसरडा झाला होता. दुसरा आणि चौथा अगदीं घट्ट होते.

ह्या दोन्हीं दोषांस दादाच कारण झाला होता, हें ऐकून तुम्हांस आश्चर्य वाटेल. प्रथम आरसा जरा हलूं लागला, तेव्हां त्यानें बैठकीचे स्क्रू सर्व शक्तीनिशीं आवळले. पुन्हां हलला, पुन्हां आवळले. चौथ्या वेळीं ते नुसतेच गरगर फिरूं लागले. ह्याचें कारण पाहा. मोटारीच्या दाराचा पत्रा एक मिलिमीटरहूनहि पातळ असतो. पांच मिलिमीटर जाडीच्या साध्या स्क्रूच्या दोन आट्यांमध्यें ०.८ मिलिमीटर अंतर असतें. म्हणजे त्या पत्र्यांत जेमतेम एकच आटा मावतो. सर्व भार त्या एका आट्यावर! शक्ति लावली कीं तो कापला जातो आणि मग स्क्रूला धरण्यास कांहीं उरत नाहीं. दुसरी चूक अशी कीं, आरसा वळवितांना कुरकुरतो म्हणून दादानें उखळीच्या सांध्यांत तेल सोडलें होतें. बिजागरीला तेल हितकर असतें. परंतु हा सांधा घर्षणावरच उभा असतो. तेथें तेल घालणें म्हणजे पायऱ्यांवर साबण चोळण्यासारखें आहे.

एका ठिकाणीं शक्ति अधिक झाली, दुसऱ्या ठिकाणीं तेल नको असतां घातलें गेलें. दोन्हीं उपाय हेतूनें चांगले, पण दोष न शोधतां केलेले. हेंच ह्या पाठाचें सार आहे.

दुरुस्ती

आतां कृति सांगतों.

प्रथम दाराच्या रंगावर जाड कापड पसरलें. काढलेला प्रत्येक स्क्रू ठेवण्यासाठीं वाट्या घेतल्या आणि कोणता भाग कोठला, ह्याचें कागदावर चित्र काढलें. नंतर खिडकीची कांच पूर्ण वर केली, म्हणजे दाराच्या पोकळींत हात घालतांना ती आड येत नाहीं. खिडकी फिरविण्याचा दांडा व हाताची मूठ काढून दाराचें आंतील अस्तर अलगद सोडविलें. अस्तरामागें पाणी अडविण्यासाठीं लावलेला प्लॅस्टिकचा पडदा होता. तो न फाडतां बाजूस केला, कारण तो पुन्हां जागच्या जागीं चिकटवावयाचा असतो.

बैठक काढल्यावर खालीं गंज दिसला. जुन्या रबराची गादी दगडासारखी कडक होऊन तडकली होती व तिच्यांतून पाणी आंत जात होतें. गंज घासून काढला, धातु स्वच्छ केली आणि उघड्या पत्र्यास गंजरोधक रंग दिला.

आतां मुख्य काम. पत्र्यांतील झिजलेल्या छिद्रांत अधिक जाड स्क्रू ठोकून बसविण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें महिनाभर काम भागतें, आणि पुढें छिद्र मात्र मोठें होतें. आम्हीं तीन मिलिमीटर जाडीची एक लहान पोलादी पट्टी घेतली, तिला दोन छिद्रें पाडून आंत पांच मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे पाडले. ह्या जाडींत एकाऐवजीं पावणेचार आटे मिळतात. पत्र्यांतील छिद्रें इतपत मोठीं केलीं कीं, स्क्रू त्यांतून मोकळे जावेत. ही पट्टी दाराच्या आंतून लावली, म्हणजे पत्रा बाहेरची बैठक व आंतील पट्टी ह्यांच्यामध्यें चिमट्यांत धरल्यासारखा राहतो. भार पट्टीवर पडतो आणि पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरतो. पट्टी दाराच्या पोकळींत पडली तर बाहेर काढतांना जीव मेटाकुटीस येतो. म्हणून तिला आधींच एक दोरा बांधून ठेवला होता. काम झाल्यावर दोरा कापून टाकला.

बैठकीखालीं नव्या रबराची गादी कापून घातली. ही गादी पाणी अडविते आणि थरथरहि कांहीं अंशीं शोषून घेते. स्क्रूंची लांबी मोजून घेतली; ते फार लांब असले तर खिडकीची कांच खालीं येतांना त्यांवर आदळून फुटेल. जुन्या ब्रिटिश मोटारींतील स्क्रू पुष्कळदां इंची मापाचे असतात. त्यांच्या जागीं मिलिमीटरचा स्क्रू जुळत नसतां बळेंच पिळूं नये. येथें पट्टीच नवी होती, म्हणून तो प्रश्न आला नाहीं.

स्क्रू पुन्हां सुटूं नये म्हणून काय करावें? थरथरीनें स्क्रू सैल कां होतो, ह्याचा नीट उलगडा गेर्हार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं प्रयोगांनीं केला. आवळलेले भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले कीं, आट्यांतील घर्षणाची पकड सुटते आणि स्क्रू आपण होऊन मागें फिरूं लागतो, असें त्याला आढळून आलें. तेव्हां मुख्य उपाय हा कीं, भाग सरकूंच नयेत इतपत योग्य दाबानें ते धरले जावेत. दुसरा उपाय म्हणजे आट्यांवर लावावयाचा एक विशेष द्रव. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तो प्रचारांत आणला. ह्या द्रवाचा गुण मोठा चमत्कारिक आहे : हवेंत असेपर्यंत तो पातळ राहतो, पण धातूच्या दोन पृष्ठभागांमध्यें हवा न मिळतां सांपडला कीं घट्ट होतो. त्याचा मध्यम शक्तीचा प्रकार घ्यावा, म्हणजे पुढें कधीं स्क्रू काढावयाचा झाल्यास साध्या हत्यारानें निघतो. आम्हीं प्रत्येक स्क्रूस एकच थेंब लावला. कांहीं जातींच्या प्लॅस्टिकला त्यानें तडे जातात, म्हणून तो इतरत्र सांडूं दिला नाहीं.

दोन्हीं स्क्रू आळीपाळीनें थोडे थोडे आवळले. रबराची कड किंचित् फुगून बाहेर दिसूं लागली तेव्हां मी दादास थांबण्यास सांगितलें. “एवढेंच?” त्यानें विचारलें. एवढेंच. अशा आरशांची बैठक पुष्कळदां जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. ती वांकत नाहीं, एकदम तडकते.

त्यानंतर उखळीचा सांधा. डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड मोजे घालून वाटीच्या कडेचें रबर कोमट पाण्यानें मऊ केलें आणि कांच अलगद बाहेर काढली. आंत स्प्रिंग व तिच्यावरची चाकी होती. चाकी सोडवून गोळा आणि उखळी दोन्हीं तेलाचा अंशहि न राहील अशीं पुसून कोरडीं केलीं. चाकी नवी घेतली. हिच्या आंत नायलॉनचें कडें असतें व तें आट्यांस घट्ट धरून ठेवतें. ती पाव पाव फेरा फिरवीत आवळली आणि प्रत्येक वेळीं आरसा हातानें वळवून पाहिला. हातास जोर करून वळवावा लागेल, पण वाऱ्यानें वळणार नाहीं, अशा बेतावर थांबलों.

दुसऱ्या सांध्यास आम्हीं हातहि लावला नाहीं. जें घट्ट आहे तें उगाच सोडवून पुन्हां आवळणें ही दुरुस्ती नव्हे.

शेवटीं स्क्रूंचीं टोंकें लागत नाहींत हें पाहत खिडकीची कांच सावकाश खालींवर केली, पडदा चिकटविला, अस्तर बसविलें. काळी चिकटपट्टी आणि कागदाची घडी केराच्या टोपलींत गेली. कामास अर्धा दिवस लागला. ह्या अर्ध्या दिवसासाठीं दादानें अकरा महिने वाट पाहिली होती.

परीक्षा

दुरुस्ती झाली असें वाटणें आणि दुरुस्ती होणें ह्यांत अंतर आहे. तो द्रव पुरता घट्ट व्हावा म्हणून एक रात्र जाऊं दिली. दुसऱ्या दिवशीं मोटारीच्या बऱ्याच मागें असलेल्या भिंतीवर खडूनें एक फुली काढली. दादा आसनावर बसला आणि फुली आरशाच्या मध्यावर येईल असा त्यानें आरसा लावला. मग दार दहा वेळां नेहमीप्रमाणें लावून उघडलें. फुली जागची हलली नाहीं. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर प्रथम सावकाश व मग कायद्यानें चालेल तितक्या वेगानें मोटार नेली. दादा चालवीत होता आणि शेजारीं बसून मी आरशाची कड पाहत होतों. थरथर होती, परंतु मान टाकणें नव्हतें. आठ दिवसांनीं पुन्हां एकदां चारहि सांध्यांवर बोट ठेवून पाहिलें.

परत येतांना त्याच कुंपणांच्या रस्त्यावर पुन्हां एक ट्रॅक्टर भेटला. दादानें आरशांत पाहिलें. मागचा रस्ता स्वच्छ व रिकामा दिसत होता. तरीहि त्यानें मान वळवून खांद्यावरून एकदां मागें पाहिलें आणि मगच मोटार बाहेर काढली. आरसा कितीहि पक्का असला तरी त्याच्या कडेबाहेर एक न दिसणारा पट्टा राहतोच. त्या मुलीनें न बोलतां सांगितलेलें तो विसरला नव्हता.

करून पाहा

१. वर्गांत एक सपाट आरसा कोनमापकावर उभा करा. टॉर्चचा बारीक झोत त्यावर पाडा. आरसा ५ अंश फिरवा आणि परावर्तित झोत किती अंश फिरतो तें मोजा.

२. सपाट आरसा व बाहेर फुगलेला बहिर्वक्र आरसा शेजारीं शेजारीं धरून एकाच झाडाकडे पाहा. कोणत्या आरशांत झाड लहान आणि दूर भासतें, व कोणत्या आरशांत आजूबाजूचा प्रदेश अधिक मावतो, तें लिहून काढा. बहिर्वक्र आरशांत दूर दिसणारें वाहन प्रत्यक्षांत जवळ असतें, हें कधींहि विसरूं नका.

३. घरीं मोटार, स्कूटर किंवा मोटारसायकल असेल तर ती उभी असतां, वडील माणसांच्या समक्ष, आरशाच्या प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून वर सांगितलेली परीक्षा करा. कोणता सांधा सैल आहे तें कागदावर लिहून वडिलांस द्या. हत्यार मात्र त्यांच्या परवानगीशिवाय उचलूं नका.

पालकांस एक विनंति आहे. मुलानें असा कागद आणून दिला तर तो ‘करूं एकदां’ असें म्हणून बाजूस ठेवूं नये. तेवढा अर्धा दिवस त्याच आठवड्यांत काढावा, आणि मुलालाहि हाताशीं घ्यावें.